दोन खिशांतले दोन फोन

“लाइनवर ऱ्हावा.”

हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात किती जणांना ऐकवले असतील, देव जाणे. आमच्या ऑफिसात बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. पलीकडे मोठा साहेब असो की गडहिंग्लजकडचा एखादा सभासद, त्याला पहिल्यांदा हेच ऐकायला मिळायचं. पुढे ही सवय इतकी अंगात मुरली की समोर बसलेल्या माणसालाही ते तेच म्हणत. चहाचा घोट घ्यायचा असला, शिंक यायची असली, पायाने चप्पल चाचपायची असली, की हात वर करून म्हणायचे, “लाइनवर ऱ्हावा.” आणि आपण मुकाट्याने थांबायचो.

आम्ही सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचो. ते जन्मापासून आंधळे होते. हे खरं तर पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं, पण त्यांच्या ओळखीत ही गोष्ट नेहमी मागून यायची. आधी यायचा तो खणखणीत आवाज, मग कडक इस्त्रीचा शर्ट, मग एखादं भांडण. भांडायला त्यांना कारण लागत नसे. पंखा कोणी बंद केला, चहात आलं का नाही, कॅन्टीनवाल्याने रेडिओ का हलवला. स्वभावाने गरीब वगैरे ते अजिबात नव्हते, आणि कोणी कीव केली तर त्याची त्या दिवशी धडगत नसे.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. एक्सटेन्शनच्या नंबराने मारत. मी आवक-जावकला होते, माझा नंबर बावीस. माझ्या लग्नाची पत्रिका कोणीतरी त्यांना वाचून दाखवली तेव्हा नाव ऐकून म्हणाले, “ही कोण बाई?” बावीसचं लग्न आहे म्हटल्यावर मात्र खुर्चीवरून उठले आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. आज आम्ही दोघेही रिटायर आहोत, ते एक्सटेन्शन कधीच बंद पडलं, तरी मी त्यांच्यासाठी बावीसच आहे.

एकदा माझी आई हातकणंगल्याला दवाखान्यात होती. तेव्हा ऑफिसातून बाहेर फोन लावायला साहेबांची परवानगी लागायची. मी सकाळी कामाचाच काहीतरी निरोप द्यायला त्यांना फोन केला, दोन वाक्यं बोलले आणि ठेवला. लगेच माझा फोन वाजला. “दवाखान्याची लाइन लावलीया. बोला. मी ऐकत न्हाय.” मी आईबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. आदल्या दिवशी तिथून मला आलेला फोन त्यांनीच जोडून दिला होता, बाकीचं त्यांनी माझ्या आवाजावरून ओळखलं. नंतर त्या गोष्टीचा त्यांनी कधी उल्लेखही केला नाही. आख्ख्या ऑफिसची गुपितं त्या माणसाच्या कानावरून गेली असतील, पण तोंडातून एकही बाहेर आलं नाही. याचा त्यांना फार अभिमान होता आणि तो त्यांना शोभायचा.

मग ऑफिसात थेट नंबर आले. ज्याच्या त्याच्या टेबलावर ज्याची त्याची लाइन. त्यांचा टेलिफोनचा बोर्ड उचलून नेला. खुर्ची तेवढी राहिली. नोकरीची शेवटची काही वर्षं ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, त्या खुर्चीवर बसायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. भांडणंही कमी झाली. मला ते बघवत नसे, म्हणून मी त्या खोलीवरून जायचं टाळायचे.

कोल्हापुरातल्या राजारामपुरीवर त्यांचा भारी जीव. नवव्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि माझं घर मागच्याच गल्लीत. तुम्ही राजारामपुरी पाहिली असेल तर तुम्हाला माहीत आहे, सरळ रस्ते, काटकोनात वळणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर. “ज्यानं ह्यो भाग आखला,” ते म्हणायचे, “त्यो आदल्या जन्मी ऑपरेटर असणार.” काठी घेऊन ते या भागात कोणाच्याही मदतीशिवाय फिरत. दवाखाना कितव्या गल्लीत, पिठाची गिरणी कितव्या, सगळं तोंडपाठ.

बाकीचं जग त्यांच्या बायकोने सांभाळलं होतं. औषधाच्या पट्टीवर काय लिहिलंय, लाइटचं बिल कधी भरायचं, दारात आलेला माणूस ओळखीचा की अनोळखी, हे सगळं ती सांगायची. ती गेली, आणि घरातल्या घरात त्यांची लाइन तुटली. पुढच्याच पावसाळ्यात त्यांना सणकून ताप आला. दोन दिवस ते अंथरुणात पडून होते आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. बटणांचा जुना फोन उशाशी होता, तोही चार्जिंग संपून मेलेला.

त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल बंगळूरला नोकरीला. ती धावत आली, आणि तिने साफ सांगितलं, “आप्पा, आता तुम्ही माझ्याकडे यायचं. हा फ्लॅट बंद करू.”

“तुझ्या बिल्डिंगीत गल्लीला नंबर हाय का?” त्यांनी विचारलं.

“आप्पा, चेष्टा नको. तुम्हाला काही झालं तर मला कळणार कसं?”

मुलीचं काही चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. बरीच रदबदली झाल्यावर तिने एक अट घातली. ती दिवाळीला येईल, आणि त्या वेळी आप्पांनी एक आख्खा दिवस एकट्याने सगळं करून दाखवायचं. कोणाचा हात धरायचा नाही, बावीसला फोन करायचा नाही. स्मार्टफोन शिकायचा आणि त्याच्या जोरावर निभावायचं. जमलं तर राजारामपुरी, नाहीतर बंगळूर. जाताना ती स्वतःचा जुना आयफोन त्यांच्या हातात ठेवून गेली, खाली गोल बटण असलेला. आणि जाण्याआधी तिने दिवाळीनंतरच्या परतीच्या बसची दोन तिकिटं काढून ठेवली, इतकी तिची खात्री होती.

आता खरी गंमत सुरू झाली. आमच्याकडे कुठलीही गोष्ट आली की तिच्या दोन पार्ट्या होतात, मग ती निवडणूक असो, फुटबॉलची टीम असो, नाहीतर तांबडा रस्सा आधी की पांढरा. फोनचीही झाली. ऑपरेटरांच्या बिल्डिंगच्या खाली एक मोबाइलचं दुकान आहे. तो दुकानदार अँड्रॉइड पार्टीचा. तो म्हणाला, “काका, आयफोन घेऊन काय करताय? सगळी गल्ली अँड्रॉइडवर हाय. अडलं तर कोण बी सांगंल.” आणि त्याने शिकायला म्हणून दुकानातला एक अँड्रॉइड त्यांना दिला. मीही अँड्रॉइडवालीच, मी त्याला दुजोरा दिला. स्नेहल फोनवरून आयफोनची बाजू लढवायची. म्हणून ऑपरेटर दोन्ही फोन घेऊन हिंडू लागले, डाव्या खिशात आयफोन आणि उजव्या खिशात अँड्रॉइड. शर्टाला दुसरा खिसा त्यांनी शिंप्याकडून मुद्दाम लावून घेतला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही फोनांत, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोलणारी सोय असते. काचेवर बोट टेकवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, डावीकडे सरकवलं की मागची. दोघेही मराठीत बोलतात. ऑपरेटरांनी दोघांचाही बोलण्याचा वेग वाढवत वाढवत असा काही नेला, की मार्केट यार्डात भराभर बोली लावत गुळाचा सौदा चालल्यासारखं वाटायचं. मला एक शब्द कळत नसे.

“तुम्हाला कळतंय हे?” मी विचारलं.

“बावीस, तीस वर्षं चार-चार लाइनी एका येळेला ऐकल्यात. ह्यो एकटा हाय की.”

रविवारी संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून गंगावेशीत दूधकट्ट्यावर न्यायचे. कोल्हापूरचा माणूस तिथे म्हशीखालचं ताजं दूध उभ्याउभ्या पितो आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावतो. त्या दिवसांत तिथेही हाच विषय होता. एक जण नवा कोरा आयफोन फिरवत म्हणायचा, एकदा हा घेतला की दुसरा हातात धरवत नाही. दुसरा म्हणायचा, त्याच किमतीत माझ्यात कॅमेरा बघ, बॅटरी बघ, मनाला येईल तसा तो बदलता येतो. एकाला आयफोनचा रुबाब आवडायचा, दुसऱ्याला अँड्रॉइडची मोकळीक. बोलता बोलता दोघांचे ग्लास हिंदकळायचे.

ऑपरेटरांनी शांतपणे दूध संपवलं, मिशी पुसली आणि हात वर केला. “लाइनवर ऱ्हावा. दोघांनी डोळं मिटा. फोन बोलता करा. आन् घरला फोन लावा.”

कोल्हापुरात भर कट्ट्यावर आव्हान दिल्यावर मागे कोण हटतो? दोघांनी डोळे मिटले. गर्दी जमली. आयफोनवाल्याचं बोट फिरत फिरत हवामानावर जाऊन बसलं आणि फोन त्याला कुठल्यातरी परक्या गावचा पाऊस सांगू लागला. अँड्रॉइडवाल्याचा फोन लागला, पण सासुरवाडीला. सासऱ्यांनी उचलला, आणि बिचाऱ्याला दिवाळीला येतो म्हणून कबूल करावं लागलं. म्हशीचा मालक हसता हसता बादलीवर वाकला. ऑपरेटर मात्र हसत नव्हते. दोघांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “फोन चांगलंच हाईत पावणं. पर तुम्ही त्यांच्याकडं बघत बसताय. मला त्यातनं वाट काढायची हाय.”

वाट काढणं, हाच त्यांचा प्रश्न होता. बोर्डावर बसणाऱ्या माणसाची परीक्षा लाइन लागली की होत नाही, ती तुटली की होते, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी एक विलक्षण कसोटी शोधून काढली. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले की एक फोन माझ्या हातात द्यायचे. “काय बी दाबा. कुठं बी न्या. पार आडरानात नेऊन सोडा. मग माझ्या हातात द्या.” मी कुठल्यातरी सेटिंगच्या आत, त्याच्या आत, अगदी खोल नेऊन फोन त्यांच्या हातात द्यायचे, आणि तिथून ते, गोल बटणाची पळवाट न वापरता, एकेक पायरी मागे येत परत सुरुवातीच्या पडद्यावर यायचा प्रयत्न करायचे. आज डावा खिसा, उद्या उजवा. दोन्ही फोनांत ते सारखेच हरवायचे. घाम फुटायचा, शिव्या यायच्या, पण फोन माझ्या हातात परत द्यायचे नाहीत.

एका संध्याकाळी मात्र ते फार वेळ अडकले. मी सांगू का म्हटलं तर नको म्हणाले. फोन भराभर बोलत होता आणि यांचं बोट जागच्या जागी. शेवटी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

“बावीस, बोर्ड न्हेला तवा मी काय बोललो न्हाय. नोकरी हुती, म्हणलं जाऊ दे. आता ही गल्ली बी न्हेली, तर मी कुठं बसू?”

मी उठून चहा टाकला. चहा होईपर्यंत बाहेरच्या खोलीतून पुन्हा तो गुळाचा सौदा ऐकू येऊ लागला होता.

त्यानंतर ते हट्टालाच पेटले. सकाळी दाढी करताना फोन, जेवताना फोन. कॅमेऱ्यासमोर औषधाची पट्टी धरून नाव वाचून घ्यायला शिकले, मग पिठाच्या डब्यापासून दाराच्या पाटीपर्यंत जे हाताला येईल ते वाचून घेऊ लागले. रिक्षा बोलावायला शिकले आणि पहिल्याच रिक्षावाल्याशी त्यांचं भांडण झालं, तेव्हा मी मनात म्हटलं, आता हा माणूस सुधारला. दोन्ही फोन शिकले, पण त्यांना कुठला पसंत पडलाय ते काही केल्या सांगेनात. दुकानदार रोज विचारायचा. मी आडून विचारायचे. “निकाल दिवाळीला,” एवढंच उत्तर.

दिवाळी झाली. स्नेहल आली होती. परीक्षेचा दिवस तिने परतायच्या आदल्या दिवशी ठेवला. सकाळी तिने कामं सांगितली. शाहूपुरीतल्या लॅबमध्ये जाऊन रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आणायचा, येताना औषधं घ्यायची, आणि जेवायच्या वेळेला घरी. ऑपरेटरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काठी घेतली, आणि एक फोन खिशात टाकून दुसरा कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुठला टाकला ते दिसू नये म्हणून पाठ वळवून टाकला. मग निघाले.

ते जिना उतरल्यावर स्नेहलने स्वतःचा फोन उघडून माझ्यासमोर धरला. त्यावर नकाशा होता आणि नकाशावर एक ठिपका. “मावशी, त्यांना सांगू नका. आयफोन देतानाच मी हे लावून ठेवलंय. ते कुठं जातायत ते मला इथं दिसतं.” ठिपका हलत होता. याचा अर्थ खिशात आयफोन होता. अँड्रॉइड पार्टी हरली, मला जरा वाईटच वाटलं. आम्ही दोघी सोफ्यावर बसून तो ठिपका पाहत राहिलो. ठिपका नववी गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागला, बागल चौकात आला. आणि मग तो नाहीसा झाला.

स्नेहलने फोन बंद करून पुन्हा उघडला. ठिपका नाही. ठिकाण उपलब्ध नाही, असं काहीतरी तिथे आलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. “बघितलंत? म्हणून मी म्हणत होते. फोन पडला असेल, नाहीतर...” तिने फोन लावला तर त्यांनी उचलला नाही. मीही घाबरले, खोटं कशाला सांगू. स्कूटर काढली, ती मागे बसली, आणि बागल चौकातून शाहूपुरीकडे दोन्ही बाजूंना बघत आम्ही निघालो. फुटपाथवरची प्रत्येक काठी मला त्यांचीच वाटत होती.

ते सापडले लॅबच्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर. एका हातात चहाचा ग्लास, काखेत रिपोर्टचं पाकीट, आणि मांडीवर फोन. फोनची काच काळी कुळकुळीत होती. उजेडाचा कण नाही. त्या काळ्या काचेवर त्यांचं बोट सावकाश फिरत होतं, थांबत होतं, टिचकी मारत होतं. बंद पडलेल्या फोनवर हा माणूस बोट फिरवत बसलाय आणि त्याला माहीतही नाही, असं मला वाटलं.

स्नेहल गाडी थांबायच्या आधीच उतरून धावली. परीक्षा वगैरे ती विसरूनच गेली होती. “आप्पा, अहो फोन बंद पडलाय तुमचा. कधीचा बंद आहे.”

“कोण म्हणतंय?” त्यांनी मानही वर केली नाही.

“मला दिसतंय ना. काळा झालाय.”

“ह्यो टपरीवाला बी तेच म्हणाला. डिस्प्ले गेलाय म्हणाला.” ते चहाचा घोट घेऊन म्हणाले. “पोरी, मला डिस्प्ले काय कराय लागतोय? रिक्षात शेजारचा पावणा माझं सगळं वाचत बसला हुता. म्हणून पडदा टाकलाय. तीन बोटांनी तीनदा हाणलं की काळं हुतंय. फोन चालू हाय. तुमच्यासाठी तेवढा बंद हाय.” आणि त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. आतून गुळाचा सौदा भरधाव चालला होता.

स्नेहलने फोन कानापासून दूर केला, पुन्हा लावला. “मग मी फोन केला तो का नाही उचलला?”

“परीक्षेला बसलेल्या माणसाला कोण फोन करतंय व्हय?”

टपरीवाला हसला. मीही हसले. ती मात्र अजून सावरली नव्हती. तिने हळूच विचारलं, “आणि... तुमचं ठिकाण? मला ते दिसत होतं. एकदम दिसेनासं झालं.”

आता ऑपरेटरांनी ग्लास खाली ठेवला. “ते मी बंद केलं. बागल चौकात, रिक्षा सिग्नलला थांबली तवा.” तिने विचारायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं, कुठल्या सेटिंगात जायचं, तिथून कुठल्या नावावर, त्याच्या आत कितव्या ओळीला. अगदी पाठ केलेल्या पत्त्यासारखं. “बावीसनं मला लई येळा आडरानात नेऊन सोडलं. त्या फेऱ्यांत एकदा ह्ये सापडलं. तुझं नाव हुतं तिथं. म्हणलं, आसू दे, दिवाळीपतोर ऱ्हाऊ दे.” मग ते तिच्याकडे वळले. “स्नेहल, मी आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या, पर चोरून ऐकलं न्हाय. तू माझ्यावर चोरून नजर ठेवायची न्हाय. मी कुठं हाय ते मी सांगीन. रोज सांगीन. फोन कशाला सांगाय पायजे?”

ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. ज्याला इतक्या आतलं ते सापडतं, सिग्नलला थांबलेल्या रिक्षात बंद करता येतं, वर लॅबमधून रिपोर्ट घेऊन चहाही पिता येतो, त्याला काय म्हणून उचलून न्यायचं, हे तिच्या तोंडावर मला स्वच्छ वाचता येत होतं. मग तिला एकदम हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिने त्यांच्या उरलेल्या चहाचा घोट घेतला. “साखर आहे यात. रिपोर्ट काय म्हणतो?”

“कॅमेऱ्यानं वाचून घेतलाय. साखर हाय तितकीच हाय. तू तुझा च्या सांग.”

चहा पिताना मी माझा प्रश्न पुढे केला, कारण माझी पार्टी हरली होती आणि मला कारण हवं होतं. “आयफोनच का? इतकी सगळी माणसं अँड्रॉइड वापरतात.”

“बावीस, अँड्रॉइड म्हंजे मंगळवार पेठ,” ते म्हणाले. “जिवाभावाची माणसं. हाक मारली की चार जण धावत्यात. बोळातनं बोळ, ह्या दारानं जावा, त्या दारानं जावा, सगळं मोकळं. ज्याला डोळं हाईत त्यानं तिथंच ऱ्हावं. आन् आयफोन म्हंजे राजारामपुरी. जरा ताठ हाय, आपलं तेच खरं करतोय. पर रस्ता सरळ. आज जिथं वळलो तिथंच उद्या वळायचं. आन् ह्या जुन्याला खाली ह्ये गोल बटण. कुठं बी हरवलो तरी दार हाताला लागतंय.” थोडं थांबून म्हणाले, “माझं बोट राजारामपुरीचं हाय, काय करायचं?”

“मी तुम्हाला नवा घेऊन देणार आहे आप्पा,” स्नेहल म्हणाली. “बटण नसतं त्याला, पण फार भारी असतो.”

“मग त्यो तू वापर. ह्यो जुना माझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

औषधं घेऊन ते जेवायच्या वेळेला घरी पोचले, आमच्या स्कूटरवर न बसता, स्वतः बोलावलेल्या रिक्षाने. आम्हालाच उशीर झाला. बिल्डिंगखाली दुकानदार वाट पाहत उभा होता. निकाल ऐकून त्याचं तोंड उतरलं, पण ऑपरेटरांनी कपाटातला त्याचा अँड्रॉइड खाली आणून परत देताना भर गल्लीत त्याच्या फोनची अशी काही तारीफ केली की तो बिचारा लाजला. जिंकलेल्या माणसाने कसं वागावं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

जेवणं झाल्यावर स्नेहल म्हणाली, “आप्पा, तुमचं उद्याचं तिकीट मी रद्द करते.”

“तू कशाला? त्या दिवशी माझ्याच फोनवर पाठवलं हुतंस की. मी करतो.”

ते खुर्चीत ताठ बसले, अगदी बोर्डावर बसायचे तसे. बोट काळ्या काचेवरून फिरू लागलं. मधेच थांबून त्यांनी फोनचा बोलण्याचा वेग कमी केला, कमी करत करत आम्हाला कळेल इतका सावकाश केला. मग फोन आमच्या दोघींच्या मधे धरला आणि शेवटची टिचकी मारली. फोनने शांत, स्वच्छ आवाजात सांगितलं की एका प्रवाशाचं तिकीट रद्द झालं आहे. त्यांनी ते परत ऐकवलं. मग अजून एकदा. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला जिंकताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते सगळे विजय भांडणातले होते. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आणि मला माझे डोळे पुसावे लागले. पडद्यावर उजेड नव्हता, पण खोलीत आम्हा तिघांना सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही स्नेहलला स्टँडजवळच्या बसवर सोडायला गेलो. ती खिडकीत बसली. शेजारची सीट मोकळीच राहिली होती. तिने आधी तिथे पर्स ठेवली, मग ती उचलून मांडीवर घेतली आणि त्या सीटवर नुसताच हात ठेवला. बस हलली, वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. ऑपरेटर आवाज ऐकत उभे होते. तो अगदी विरून गेल्यावर त्यांनी काठी सरळ केली.

मी म्हटलं, “चला, बसा मागं. सोडते घरी.”

“नको. माझी रिक्षा येतीया. तुम्ही व्हा फुडं, बावीस. अंधार पडाय लागलाय, तुम्हाला दिसायचं न्हाय.”

मी गाडीचा दिवा लावला आणि निघाले. वाटेत रेल्वेच्या परीख पुलाखाली गाड्यांची ही गर्दी, पुढची हलेना, मागची हॉर्न थांबवेना. तिथे उभी असताना पर्समधला फोन वाजला.

“दुसऱ्या वाटंनं पोचलो मी,” ते म्हणाले. “तुम्ही कुठं अडकलाय?”